बेअरिंगचा दोष कंपनांवरून कसा ओळखायचा: नंबर शोधण्यापासून जुनं बेअरिंग कापून बघण्यापर्यंत

स्क्रूड्रायव्हरचं टोक हाऊसिंगवर टेकवून आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकणारे फिटर मी पाहिले आहेत. त्यांनी बोट ठेवलेलं बेअरिंग उघडल्यावर बहुतेक वेळा खरोखरच खराब निघायचं. अडचण एवढीच, की कानाला खरखर ऐकू येईपर्यंत रेसवरचा (रिंगमधल्या, गोळ्या फिरतात त्या पट्ट्यावरचा) खड्डा चांगलाच पसरलेला असतो आणि मग शटडाऊन कधी घ्यायचं हे मशीन ठरवतं.

कंपनं नीट मोजली तर तोच दोष काही आठवडे, पुष्कळदा काही महिने आधी दिसतो. तरीही दर महिन्याला रीडिंग घेणाऱ्या कारखान्यांत बेअरिंगं अचानक जातात. मीटर असतो, वही असते, सही असते. पण ज्या आकड्याकडे बघितलं जातं त्या आकड्यात बेअरिंग सर्वांत शेवटी दिसतं. मोटर, पंप, पंखा, गिअरबॉक्स यांतल्या बॉल आणि रोलर बेअरिंगांसाठीची ही पद्धत मी जशी वापरतो तशी सांगतो.

एकच आकडा का पुरत नाही

साध्या व्हायब्रेशन मीटरवर दिसतो तो १० ते १००० हर्ट्झ या पट्ट्यातला कंपनवेग, मिमी प्रति सेकंद, आरएमएस (म्हणजे एक प्रकारची सरासरी). यासाठी आयएसओ १०८१६ आणि तिच्या जागी आलेली आयएसओ २०८१६ ही मानकं आहेत. उदाहरणार्थ, १५ ते ३०० किलोवॅटच्या, ताठ फाउंडेशनवर बसवलेल्या मशीनसाठी २.८ च्या वर गेल्यावर लक्ष द्यायचं आणि ४.५ च्या वर गेल्यावर धोका समजायचा. अनबॅलन्स (फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला असणं), मिसअलाइनमेंट (दोन शाफ्ट एका रेषेत नसणं), लूजनेस (ढिलेपणा) यांसाठी हा आकडा उत्तम आहे. बेअरिंगसाठी मात्र तो उशिरा जागा होतो, आणि का ते एका हिशोबात कळतं.

२५ हर्ट्झला १ जी (गुरुत्वाकर्षणाइतकं) त्वरण असेल तर वेग होतो सुमारे ६२ मिमी/सेकंद. तेच १ जी ३००० हर्ट्झला असेल तर वेग फक्त ०.५२ मिमी/सेकंद. बेअरिंगमधला कोवळा दोष हजारो हर्ट्झमध्ये बोलतो, म्हणजे वेगाच्या आकड्यात त्याचा आवाज जवळजवळ शून्य होतो; शिवाय मीटर १००० हर्ट्झच्या वरचं ऐकतच नाही. १.४ मिमी/सेकंद दाखवणारा, कागदावर एकदम निरोगी दिसणारा पंप आतून सोलवटत असू शकतो. म्हणून बेअरिंगसाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायच्या: कंपनवेगाचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे त्याचा आलेख), त्वरणाचा टाइम वेव्हफॉर्म (वेळेनुसार कंपन कसं बदलतं त्याचा आलेख) आणि एन्व्हलप स्पेक्ट्रम, जो पुढे समजावतो.

मीटर हातात घेण्याआधी

सर्वांत आधी बेअरिंगचा नंबर शोधा. नेमप्लेटवर, मॅन्युअलमध्ये, स्टोअरच्या नोंदीत, मागच्या वेळी काढलेल्या बेअरिंगवर, कुठेही. ड्राइव्ह एंड (कपलिंग किंवा पुलीची बाजू) आणि नॉन ड्राइव्ह एंडला (उलटी बाजू) बहुधा वेगवेगळे नंबर असतात, दोन्ही लिहून ठेवा. शाफ्टचा वेग नेमप्लेटवरून घेऊ नका, चालू लोडवर मोजा. मोटर व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) आहे का, शेवटचं ग्रीस कधी आणि किती घातलं, बेल्ट आहे की कपलिंग, आतली रिंग फिरते की बाहेरची, हेही विचारून घ्या. ग्रीसिंग करणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोललात तर कित्येकदा अर्धं निदान तिथेच होतं.

आता हिशोब. बेअरिंगला चार ठरलेल्या फ्रिक्वेन्सी असतात. बाहेरच्या रेसवर ठरावीक जागी खड्डा असेल तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका बसतो. दर सेकंदाला असे किती ठोके बसतात ती बीपीएफओ. आतल्या रेसवरच्या खड्ड्यासाठी बीपीएफआय. गोळी स्वतःभोवती फिरते त्याची बीएसएफ. केज (गोळ्यांना ठरावीक अंतरावर धरणारा पिंजरा) फिरतो त्याची एफटीएफ. आतली रिंग फिरत असेल तर सूत्रं अशी (शाफ्टचा वेग हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला फेरे):

बीपीएफओ = (गोळ्यांची संख्या ÷ २) × शाफ्टचा वेग × (१ − गु)
बीपीएफआय = (गोळ्यांची संख्या ÷ २) × शाफ्टचा वेग × (१ + गु)
एफटीएफ = (शाफ्टचा वेग ÷ २) × (१ − गु)
बीएसएफ = (पिच व्यास ÷ (२ × गोळीचा व्यास)) × शाफ्टचा वेग × (१ − गु × गु)

इथे पिच व्यास म्हणजे गोळ्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, स्पर्शकोन म्हणजे गोळी रेसला ज्या तिरक्या दिशेने टेकते तो कोन, आणि गु म्हणजे गोळीचा व्यास भागिले पिच व्यास, गुणिले स्पर्शकोनाचा कोसाइन. साध्या डीप ग्रूव्ह बेअरिंगला स्पर्शकोन शून्य धरतात, म्हणून कोसाइन १.

नेहमी भेटणारं ६२०५ घेऊ. त्यात ९ गोळ्या, गोळीचा व्यास ७.९४ मिमी, पिच व्यास ३९.०४ मिमी. गु येतो ०.२०३४. मोटर १४८० आरपीएमवर, म्हणजे २४.६७ हर्ट्झ. मग बीपीएफओ ३.५८५ पट म्हणजे ८८.४ हर्ट्झ, बीपीएफआय ५.४१५ पट म्हणजे १३३.६ हर्ट्झ, एफटीएफ ०.३९८ पट म्हणजे ९.८ हर्ट्झ आणि बीएसएफ २.३५७ पट म्हणजे ५८.१ हर्ट्झ. उत्तर तपासायची सोपी युक्ती: बीपीएफओ आणि बीपीएफआय यांची बेरीज नेहमी गोळ्यांची संख्या गुणिले शाफ्टचा वेग एवढी यायला हवी. ८८.४ अधिक १३३.६ म्हणजे २२२, आणि ९ गुणिले २४.६७ म्हणजेही २२२. बरोबर.

बेअरिंगच्या आतली मापं मिळाली नाहीत आणि गोळ्यांची संख्या तेवढी माहीत असेल, तर बीपीएफओ साधारण ०.४ गुणिले गोळ्या गुणिले शाफ्टचा वेग आणि बीपीएफआय साधारण ०.६ गुणिले गोळ्या गुणिले शाफ्टचा वेग, एवढ्यावरही काम निघतं. तेवढीही माहिती नसेल तरी एक खूण हातात राहते आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची खूण तीच आहे: बेअरिंगच्या पीक (स्पेक्ट्रममधली उंच टोकं) शाफ्टच्या वेगाच्या पूर्ण पटीत बसत नाहीत. अनबॅलन्स १ पटीत, मिसअलाइनमेंट १ आणि २ पटीत, पंपाच्या पात्यांची पीक पात्यांच्या संख्येइतक्या पटीत, सगळे पूर्णांक. ३.५८ किंवा ५.४१ पटीला पीक दिसली आणि तिच्या दुप्पट, तिप्पट जागीही पीक दिसली, तर पहिला संशय बेअरिंगवर घ्या. गोळ्या थोड्या घसरत फिरतात आणि लोडमुळे स्पर्शकोन बदलतो, म्हणून प्रत्यक्ष पीक हिशोबापेक्षा एक-दोन टक्के इकडेतिकडे असते. ८८.४ ऐवजी ८७.६ दिसलं म्हणून नाकारू नका. उलट नेमकी पूर्णांकावर बसणारी पीक बेअरिंगची म्हणताना दोनदा विचार करा.

सेन्सर कुठे आणि कसा लावायचा

ठोक्याची लाट रेसमधून हाऊसिंगमध्ये येते आणि वाटेतल्या प्रत्येक सांध्याला तिचा जोर कमी होतो. म्हणून सेन्सर बेअरिंगच्या हाऊसिंगवरच लावायचा. पंख्याच्या कव्हरवर, पातळ पत्र्यावर किंवा गार्डवर घेतलेलं रीडिंग वहीत लिहूच नये. लोड झोनच्या, म्हणजे बेअरिंगवर भार येतो त्या बाजूला लावता आला तर उत्तम: आडव्या मशीनला वजन खाली असतं म्हणून खालची बाजू, बेल्टच्या मशीनला बेल्ट जिकडे ओढतो ती बाजू. तिथे हात जात नसेल तर जवळची घट्ट जागा निवडा. आडवं, उभं आणि अक्षीय अशी तिन्ही रीडिंगं घ्या. थ्रस्ट घेणाऱ्या बेअरिंगला अक्षीय रीडिंगमध्ये दोष आधी दिसू शकतो.

बसवणी हा भाग लोक हसण्यावारी नेतात आणि तिथेच निदान फसतं. हाताने दाबून धरलेल्या प्रोबचा १००० हर्ट्झच्या वर भरवसा धरू नका, म्हणजे कोवळा दोष त्यात दिसणारच नाही. सपाट जागेवर सपाट चुंबक असेल तर काही हजार हर्ट्झपर्यंत ठीक चालतं; गोल पृष्ठभागावर दोन पायांचा चुंबक त्याहून खूप कमी. स्टडने घट्ट बसवलेला सेन्सर सर्वांत चांगला. चुंबकाखालचा रंग खरवडा, धूळ आणि ग्रीस पुसा, चुंबक एका कडेवर टेकवून हळूच बसवा. धाडकन सोडला तर बसणाऱ्या धक्क्याने सेन्सर काही सेकंद खोटं बोलतो. जागेवर पंचाने किंवा रंगाने खूण करा आणि दर महिन्याला त्याच खुणेवर, जमेल तितक्या त्याच लोडवर आणि त्याच वेगावर मोजा. जागा दोन बोटं सरकली तरी उच्च फ्रिक्वेन्सीचं रीडिंग इतकं बदलतं, की ट्रेंडला अर्थ उरत नाही.

अॅनालायझरचं सेटिंग. वेगाच्या स्पेक्ट्रमची वरची मर्यादा बीपीएफआयच्या निदान दहा पट ठेवा. आपल्या ६२०५ साठी १३३६ हर्ट्झ येतात, म्हणून २००० हर्ट्झ घ्या. रेषा (स्पेक्ट्रम जितक्या तुकड्यांत विभागला जातो ते तुकडे) मात्र कंजूषपणे घेऊ नका. १४८० आरपीएमवर शाफ्टच्या चौथ्या पटीची पीक ९८.७ हर्ट्झला येते आणि ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या मोटरची विद्युत पीक १०० हर्ट्झला. दोघींत अंतर फक्त १.३ हर्ट्झ. २००० हर्ट्झमध्ये १६०० रेषा घेतल्या तर एकेक रेषा १.२५ हर्ट्झ रुंद, वर हॅनिंग विंडो (अॅनालायझर सिग्नलला लावतो ती गणिती चाळणी) ती दीडपट पसरवते; या दोन पीक एकच दिसतील आणि तुम्ही कशाला तरी भलतंच नाव द्याल. ६४०० रेषा घेतल्या तर एक रेषा ०.३१ हर्ट्झ. मापनाला ३.२ सेकंद लागतात. एवढा वेळ कुणाकडेही असतो.

दोष कसा वाढत जातो

पहिल्या टप्प्यात रेसच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडे असतात. वेगाचा स्पेक्ट्रम स्वच्छ, तापमान नेहमीचं, फक्त २० हजार हर्ट्झच्या वरच्या अल्ट्रासोनिक मोजमापात किंचित वाढ. इथे बेअरिंग बदलायचं नाही. मोजमापाची वारंवारता वाढवा आणि वंगण तपासा.

दुसऱ्यात बारीक खड्डे पडतात. ठोक्यांनी बेअरिंगचे भाग आणि हाऊसिंग आपापल्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीवर झंकारतात, साधारण ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात पीक उगवतात. एन्व्हलपमध्ये दोषाची फ्रिक्वेन्सी ठळक होते. वेगाचा एकूण आकडा अजूनही गप्प.

तिसऱ्यात बीपीएफओ किंवा बीपीएफआय आणि त्यांचे हार्मोनिक (दुप्पट, तिप्पट जागच्या पीक) साध्या कंपनवेगाच्या स्पेक्ट्रममध्ये दिसतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना साइडबँड (सारख्या अंतरावरच्या छोट्या पीक) येतात. बदलण्याची तारीख इथे ठरवायची. हार्मोनिकची संख्या आणि साइडबँडची गर्दी वाढत गेली, की खड्डा पसरतो आहे असं समजा.

चौथा टप्पा फसवा आहे. खड्ड्यांच्या कडा घासून गुळगुळीत होतात, क्लिअरन्स (गोळ्या आणि रेस यांतली मोकळीक) वाढतो, सुट्या ठळक पीकांच्या जागी गवतासारखी उंचावलेली तळरेषा येते आणि उच्च फ्रिक्वेन्सीची रीडिंगं कधीकधी चक्क खाली येतात. सगळा ट्रेंड वर जात असताना मध्येच पडला, तर "बेअरिंग सुधारलं" असं कुणी लिहिलेलं मी पाहिलंय. बेअरिंग सुधारत नसतं. त्या घसरणीसोबत १ पटीची पीक आणि तळरेषा वाढत असेल तर मशीन लवकरात लवकर थांबवा.

एन्व्हलप म्हणजे नक्की काय

गोळी खड्ड्यावरून गेली की हाऊसिंग घंटेसारखं वाजतं. घंटेचा स्वर समजा ४००० हर्ट्झचा, पण ठोके मात्र सेकंदाला ८८. साध्या स्पेक्ट्रममध्ये ४००० च्या आसपास पीकांचा पुंजका दिसतो आणि ८८ ला जवळजवळ काही नाही. एन्व्हलपमध्ये घंटेचा स्वर टाकून द्यायचा आणि ठोके मोजायचे. आधी बँडपास फिल्टरने (फक्त ठरावीक पट्टा जाऊ देणाऱ्या) अनबॅलन्सची मोठी कंपनं काढून टाकतात, उरलेल्या सिग्नलची वरची किनार घेतात आणि त्या किनारीचा एफएफटी, म्हणजे स्पेक्ट्रम, काढतात. मग ८८, १७७, २६५ अशा ओळीने उभ्या पीक दिसतात.

बहुतेक अॅनालायझरमध्ये दोन-तीन ठरलेले फिल्टर पट्टे असतात. डोळे झाकून एक निवडू नका. आधी त्वरणाचा १० हजार हर्ट्झपर्यंतचा स्पेक्ट्रम घ्या, पुंजका कुठे आहे ते बघा आणि तो पट्टा निवडा. गिअरबॉक्सवर गिअर मेशची (दात एकमेकांत अडकण्याची) पीक पट्ट्यात येणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर एन्व्हलपमध्ये गिअरच दिसेल. एन्व्हलपच्या आकड्याला मशीननिहाय सर्वमान्य मर्यादा नाही. त्याचा अर्थ त्याच मशीनच्या जुन्या रीडिंगशी किंवा शेजारच्या जुळ्या मशीनशी तुलना केल्यावरच लागतो.

टाइम वेव्हफॉर्म बघायचं विसरू नका. निरोगी बेअरिंगचा सिग्नल अस्ताव्यस्त गोंगाटासारखा असतो, त्याचा कुर्टोसिस (सिग्नल किती टोकदार आहे त्याचा आकडा) ३ च्या आसपास. कोवळ्या खड्ड्याचे टोकदार ठोके आले की कुर्टोसिस आणि क्रेस्ट फॅक्टर (सर्वांत उंच टोक भागिले आरएमएस) वाढतात. दोष पसरल्यावर ते पुन्हा खाली येतात, म्हणून एकट्या कुर्टोसिसवर निर्णय घ्यायचा नाही.

कुठला भाग खराब आहे

बाहेरची रिंग स्थिर असते. खड्डा लोड झोनमध्ये असेल तर प्रत्येक गोळी त्यावर सारख्याच जोराने आदळते. म्हणून बीपीएफओची पीक आणि तिचे हार्मोनिक स्वच्छ, साइडबँड नाहीत किंवा किरकोळ. वेव्हफॉर्ममध्ये ठोके एकसारख्या उंचीचे. हा दोष सर्वांत सहज ओळखू येतो आणि सहसा सर्वांत आधी दिसतो, कारण तो सेन्सरच्या जवळ असतो.

आतल्या रिंगचा खड्डा शाफ्टबरोबर फिरतो. लोड झोनमध्ये आला की ठोके जोरात, बाहेर गेला की मंद. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला ठोक्यांचा जोर एकदा चढतो, एकदा उतरतो. म्हणून बीपीएफआयच्या दोन्ही बाजूंना शाफ्टच्या वेगाइतक्या अंतरावर साइडबँड येतात: आपल्या उदाहरणात १३३.६ च्या आजूबाजूला १०८.९ आणि १५८.३. हे चित्र दिसलं की मी बाहेरच्या दोषापेक्षा जास्त घाई करतो. ठोक्याला गोळीतून आणि बाहेरच्या रिंगमधून प्रवास करून सेन्सरपर्यंत यावं लागतं, म्हणजे दिसतो त्यापेक्षा दोष मोठा असण्याची शक्यता असते. शिवाय आतली रिंग तडकली तर ती शाफ्टवरची पकड सोडते.

गोळीवरचा खड्डा एका फेऱ्यात एकदा आतल्या आणि एकदा बाहेरच्या रेसला लागतो, म्हणून बीएसएफच्या दुप्पट, म्हणजे ११६.३ हर्ट्झला पीक, आणि तिच्या बाजूला एफटीएफच्या अंतराने साइडबँड. गोळी कधी खड्ड्यावर फिरते, कधी नाही, त्यामुळे हे रीडिंग आज दिसतं, उद्या नाही. दोन-तीन वेळा मोजा. रेसवर काहीच नसताना नुसतीच गोळी खराब होणं तुलनेने कमी वेळा घडतं.

केजची पीक शाफ्टच्या वेगापेक्षा खाली, ०.४ पटीच्या आसपास. नुसती एफटीएफ वेगाच्या स्पेक्ट्रममध्ये ठळक उभी असेल तर ती मी गंभीर मानतो. केज तुटला की पूर्वसूचना द्यायला काही उरत नाही.

सरावासाठी स्वतःच्या मशीनवर दोष उद्भवायची वाट बघायला नको. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने चाचणी मोटरच्या ड्राइव्ह एंडला हेच ६२०५ बसवून, त्यावर विद्युत ठिणगीने ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंच व्यासाचे दोष पाडून घेतलेली रेकॉर्डिंगं सर्वांना खुली ठेवली आहेत. सेकंदाला १२ हजार आणि ४८ हजार नमुन्यांची ती माहिती घेऊन वरचा हिशोब स्वतः करून बघा. शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त शिकाल.

बेअरिंगसारखं दिसणारं, पण बेअरिंग नसलेलं

एका पंख्याच्या मोटरला १०० हर्ट्झच्या आसपास मोठी पीक होती आणि त्या बेअरिंगची बीपीएफओही जवळपास तेवढीच येत होती. बेअरिंग बदलण्याचा कागद तयार झाला होता. मोटर चालू असताना लाइव्ह स्पेक्ट्रम लावून पुरवठा बंद केला आणि पीक त्याच क्षणी नाहीशी झाली, शाफ्ट अजून जोरात फिरत असताना. विद्युत पीक वीज गेली की जाते. बेअरिंगची पीक वेगाबरोबर हळूहळू खाली सरकते. ही चाचणी एका मिनिटाची आहे आणि तिने वाचवलेली बेअरिंगं मोजायला बोटं पुरणार नाहीत. स्टेटरची एअर गॅप विषम आहे का किंवा पाय वाकडा बसलाय का, हे मग तपासायचं. व्हीएफडीवरच्या मोटरला वेग पाच-दहा टक्के बदलून बघा: शाफ्टच्या वेगाच्या प्रमाणात सरकणारी पीक यांत्रिक, जागची न हलणारी रेझोनन्सची (मशीनच्या स्वतःच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीची).

बेल्टची फ्रिक्वेन्सीही शाफ्टच्या वेगाखाली असते आणि केजची वाटू शकते. ३.१४ गुणिले पुलीचा व्यास गुणिले तिचा वेग, भागिले बेल्टची लांबी, एवढा हिशोब करून आधी तिला बाजूला काढा. पंपातल्या कॅव्हिटेशनने (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याने) तळरेषा उंचावते, पण ती सक्शनची परिस्थिती बदलली की बदलते. लूजनेसने शाफ्टच्या पूर्ण पटींची लांबच लांब रांग लागते.

वंगणाची कमतरता ही सर्वांत जास्त वेळा बेअरिंगचा दोष म्हणून खपवली जाते. उच्च फ्रिक्वेन्सीची पातळी चढलेली, पण ठरावीक पीक नाहीत, असं दिसलं तर मोजत मोजत ग्रीस घाला. मात्रा ग्रॅममध्ये: ०.००५ गुणिले बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिमीत. ६३१६ साठी १७० आणि ३९ घेतले तर सुमारे ३३ ग्रॅम. तुमच्या गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा आहे ते एकदा वजनकाट्यावर मोजून गनवरच लिहून ठेवा. पातळी खाली आली आणि खालीच राहिली, तर प्रश्न वंगणाचा होता. काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा चढली, तर रेस खराब झाली आहे. "आवाज जाईपर्यंत भरा" ही सवय मात्र मोडायलाच हवी. जास्त ग्रीसने बेअरिंग तापतं, सील फुटतं, आणि मोटरमध्ये ते वायंडिंगवर जातं.

बदलायचं कधी

मी तीन साक्षी मागतो. एन्व्हलपमध्ये दोषाची फ्रिक्वेन्सी हार्मोनिकसह, वेव्हफॉर्ममध्ये तेवढ्याच अंतराने ठोके, आणि ट्रेंडमध्ये चढण. तिन्ही मिळाले तर पुढच्या नियोजित थांब्यात बदल. वेगाच्या स्पेक्ट्रममध्ये हार्मोनिक आणि साइडबँड आले, तर नियोजित थांबा पुढे ढकलू देऊ नका आणि मोजमाप आठवड्यावर किंवा रोजवर आणा. तळरेषा चढली, तापमान वाढलं, तर थांबवा. एकच साक्ष असेल तर पुन्हा मोजा. अमुक दिवस बेअरिंग चालेल असं ठाम कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सारख्या लोडवरच्या सारख्या बेअरिंगांचं आयुष्यही मूळातच विखुरलेलं असतं. कॅटलॉगमधलं एल१० आयुष्य म्हणजे ज्या फेऱ्यांपर्यंत १०० पैकी ९० बेअरिंगं टिकतात तेवढंच.

संथ मशीनला वेगळा नियम. १२ आरपीएमवर फिरणाऱ्या मोठ्या बेअरिंगचा एक फेरा ५ सेकंदांचा. एक-दोन सेकंदांच्या मापनात खड्ड्यावरून एखाद-दोन रोलरच जातील. निदान १५ फेरे, म्हणजे ७५ सेकंदांचं रेकॉर्डिंग घ्या, जास्त संवेदनशील सेन्सर वापरा, आणि स्पेक्ट्रमपेक्षा वेव्हफॉर्मवर विश्वास ठेवा. ग्रीसचा नमुना काढून त्यात लोखंडाचे कण बघणं इथे कंपनांइतकंच उपयोगी पडतं.

काढलेलं बेअरिंग कापून बघा

बेअरिंग पुलरने ओढून थेट भंगारात टाकणं म्हणजे तपासणी करून रिपोर्ट न वाचण्यासारखं आहे. काढण्याआधी बाहेरच्या रिंगवर वरच्या बाजूला मार्करने खूण करा, म्हणजे खड्डा कुठल्या दिशेला होता ते नंतर कळेल. मग रिंग कापा, ग्रीस धुवा, उजेडात बघा. दोषांच्या वर्गीकरणासाठी आयएसओ १५२४३ आहे. बाहेरच्या रेसवर लोड झोनमध्ये एकाच बाजूला सोलवटणं म्हणजे थकवा. बेल्ट अति ताणलेला नाही ना, ते मोजा. लोडमध्ये थोडी वाढही महाग पडते: बॉल बेअरिंगचं आयुष्य लोडच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, म्हणजे लोड दुप्पट तर आयुष्य आठव्या भागावर. रेसवरचा गोळ्यांचा पट्टा तिरका असेल तर हाऊसिंग किंवा शाफ्ट सरळ नाही. धुण्याच्या पाटीवर असतात तशा समांतर रेघा संपूर्ण रेसवर दिसल्या तर शाफ्टमधून वीज वाहते आहे. व्हीएफडीवरच्या मोटरला हे फार होतं, आणि इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्ट ग्राउंडिंग रिंग बसवल्याशिवाय नवं बेअरिंगही तसंच जाईल. बंद उभ्या असलेल्या स्टँडबाय पंपात गोळ्यांच्या अंतरावर लालसर खळगे दिसले, तर शेजारच्या चालू पंपाची कंपनं ते करत आहेत. स्टँडबाय पंप ठरावीक दिवसांनी फिरवा किंवा आळीपाळीने चालवा.

नवं बेअरिंग बसवल्यावर पहिलं रीडिंग ग्रीस पसरल्यानंतर, पूर्ण लोडवर, त्याच खुणेवर घ्या. पुढच्या सगळ्या तुलना याच रीडिंगशी होणार. त्या पहिल्याच रीडिंगमध्ये बीपीएफओ किंवा बीपीएफआय दिसली तर बसवताना काय झालं ते विचारा. शाफ्टवर घट्ट बसणारं बेअरिंग बाहेरच्या रिंगवर ठोकून बसवलं, की हातोड्याचा सगळा जोर गोळ्यांतून जातो आणि दोन्ही रेसवर गोळ्यांच्या अंतराने खळगे पडतात. असं बेअरिंग चालू ठेवायचं नाही. इंडक्शन हीटरवर सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दुसरं बसवा आणि रीडिंग पुन्हा घ्या.